उजवी कड

गजभिये काकांनी माझ्या लग्नाला साडेसात दिले होते. पंगतीतून उठले, हात धुतले, रुमालाने एकेक बोट वेगवेगळं पुसलं आणि मांडवावरून एकदा नजर फिरवून मला म्हणाले, "साडेसात. वरण निवलं होतं, आन् नवरदेवाच्या शेरवानीची बगलेत शिवण गेली आहे. बाकी माल चांगला आहे वं." माझ्या नवऱ्याने ते ऐकलं आणि पुढचे सगळे फोटो उजवा हात अंगाला चिकटवून काढून घेतले. अल्बममध्ये तो अवघडलेला का दिसतो, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

काका सगळ्यालाच आकडा देत. दहापैकी. सक्करदऱ्याच्या तलावाला पाच, कारण "पाणी आहे, पण कडा खाल्लेल्या आहेत." त्यांच्या घराशेजारच्या टपरीवरच्या तर्री-पोह्याला आठ. स्वतःच्या जावयाला सहा, आणि ते जावयाला माहीतही होतं. दहा मात्र कशालाच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दहा म्हणजे कोणाचा हातच लागला नाही. हात लागल्याबिगर वस्तू आपल्यापर्यंत येते कशी?"

हा आकडा देण्याचा नाद त्यांना आमच्या कामातून लागला होता. आमचं काम काय, हे नातेवाइकांना सांगताना माझी अजून पंचाईत होते. आमच्या लहानपणी रुपया-दोन रुपयांना मिळणारी चित्रांची पुस्तकं, कॉमिक्स, आता हौशी लोक जपून ठेवतात. एकमेकांना विकतात. विकताना प्रश्न येतो की अंक किती चांगल्या अवस्थेत आहे, आणि मुख्य म्हणजे तो खरा तसाच राहिला आहे की कोणी त्याच्यावर हात फिरवून त्याला तरुण केलंय. हे तिऱ्हाइताने तपासावं लागतं. तो तिऱ्हाईत म्हणजे आम्ही. प्रताप नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली. देशभरातून पार्सलं येत, आम्ही अंक तपासायचो, दहापैकी आकडा द्यायचो, कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत अंक बंद करायचो आणि वर लेबल लावायचो. जसाच्या तसा असेल तर लेबलावर निळी पट्टी. कोणी रंग भरलाय, पिना बदलल्यात, कड कापलीय असं असेल तर लाल पट्टी. खाली दोन शिक्के, एक माझा आणि एक काकांचा. लोक माझा शिक्का बघतही नसत.

काका मला सापडले ते गांधीबागेत. तेहतीस वर्षं सरकारी छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढून ते निवृत्त झाले होते आणि एका मित्राच्या बाइंडिंगच्या दुकानात वेळ घालवायला बसत. मी माझा एक अंक घेऊन गेले होते. पाठीवर फाटलेला, माझा सगळ्यात आवडता. म्हटलं, चिकटवून द्या. काकांनी तो घेतला, उलटा केला, वास घेतला, पानं मोजली आणि परत माझ्या हातात दिला. "नाही चिकटवत," म्हणाले. मी विचारलं, का? "काहून म्हणजे? याले फाटायचा हक्क आहे. चाळीस वर्षांचा झाला बिचारा." नंतर पाऊण तास त्यांनी मला त्या एका अंकाच्या पिनांवरचा गंज दाखवला. त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं की माझ्याकडे काम कराल का, आणि या कामासाठी मी नोकरी सोडली आहे हे ऐकून त्यांनी माझ्या अकलेला साडेचार दिले. पण आले.

त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देवघराच्या फळीवर पुस्तकं मांडली होती, असं ते सांगत. वडिलांना वाचता येत नव्हतं. रोज फडक्याने पुसायचे मात्र. "मले पुस्तक पुसणं आधी आलं, वाचणं मंग आलं," असं काका म्हणत. सकाळी दहाच्या ठोक्याला येत. दारातूनच "जयभीम बाई" म्हणत आणि सरळ मोरीकडे जात. लाल साबणाने कोपरापर्यंत हात धूत. हातमोजे त्यांना चालत नसत. "मोजे घालून कागद पाहणं म्हणजे रजई पांघरून जेवणं," हे त्यांचं मत. भिंग शर्टाच्या दुसऱ्या काजाला पायजम्याच्या नाडीने बांधलेलं. खोलीत पाण्याचा थेंब आणायची बंदी. चहा व्हरांड्यात, आणि चहानंतर पुन्हा कोपरापर्यंत हात. उन्हाळ्यात पंखासुद्धा बंद, पानं उडतात म्हणून. मे महिन्यातल्या नागपुरात पंखा बंद करून बसणं काय असतं, ते नागपूरकराला सांगावं लागणार नाही.

आणि हा माणूस कॉमिक्स वाचत नसे. हजारो अंक त्याच्या हाताखालून गेले, पण एकही गोष्ट त्याला माहीत नव्हती. "वाचलं की डोळा फसते," म्हणत. "तो हिरो छतावरून उडी मारते, आपण त्याच्यामागं जातो, आन् तेवढ्यात कोपऱ्यातला डाग निसटते." मी मात्र प्रत्येक अंक ओळखीचा असल्यासारखी उघडायचे, आणि तिथेच फसायचे.

तपासायची आमची एक रीत होती, काकांनीच घालून दिलेली. प्रत्येकाने अंक एकट्याने पाहायचा. मालकाचं नाव झाकलेलं, फक्त नंबर. आपापला आकडा आणि शेरा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी घडी करून काचेच्या वजनाखाली ठेवायची. दोघांचं झालं की समोरासमोर उघडायच्या. जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर अंक मध्ये ठेवून ज्याला जे दिसलं ते त्याने दुसऱ्याला दाखवायचं, बोट ठेवून. आणि एकदा निकाल लागून पेटी बंद झाली की दोन्ही चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. मी सुरुवातीला म्हटलं होतं, राहू द्या काका, नोंद असलेली बरी. तर म्हणाले, "कोण हरलं याची नोंद ठेवतात काय कुठं? निकाल लागला, वाद मिटला." ते कोणाला उद्देशून म्हणत होते हे कळायला मला वेळ लागला. कारण हरायचे मीच.

खोटं सांगत नाही, तीन वर्षांत चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तेव्हा प्रत्येक वेळी काकाच बरोबर निघाले. मला मुखपृष्ठाचा कोपरा साफ दिसायचा, ते निळ्या-जांभळ्या उजेडाची टॉर्च मारून दाखवायचे की तिथे स्केचपेनचा रंग चमकतोय. मला पिना जुन्या वाटायच्या, ते दाखवायचे की गंजाचा डाग एका जागी आणि पिन दुसऱ्या जागी. कधी टोमणा नाही, कधी आवाज चढलेला नाही. "पाय बाई, इकडं पाय," एवढंच. मी पाहायचे, आणि एकदा दाखवल्यावर ते इतकं ढळढळीत दिसायचं की आपल्याला आधी दिसलं कसं नाही याची लाज वाटायची. तीन वर्षं रोज थोडी थोडी लाज वाटली की तिचं काय होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लोकांशी बोलायची त्यांची तऱ्हा मात्र मी कधी शिकू शकले नाही. वर्ध्याकडचे एक निवृत्त मास्तर एकदा गोणपाटाच्या पिशवीत साठेक अंक घेऊन स्वतः आले. डोळ्यांत मोठी आशा. काकांनी दहा मिनिटांत ओळखलं की सगळे नंतरच्या छपाईचे, नक्कल काढलेले आहेत. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मला पाणी आणायला पाठवलं, व्हरांड्यात. परत आले तर मास्तरांना सांगत होते, "गुरुजी, अंक दोन तऱ्हेचे असतात. काही पेटीत ठेवायचे, काही वाचायचे. तुमचे वाचायचे आहेत. पेटीत घातले तर वाया जातीन." मास्तर खूश होऊन गेले. हैदराबादच्या एका बड्या शौकिनाला मात्र त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या लाडक्या अंकाची पाठ कोणीतरी भाताच्या खळीने चिकटवली आहे. तो रागाने निघून गेला आणि महिन्याभराने त्याने पन्नास अंक पाठवले. सोबत चिठ्ठी, सगळे काकांनीच पाहावेत.

'लोहारगढ़ का पहरेदार' हा अंक आला त्या दिवशी सुमनकाकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरायचं होतं. काकांना दुपारी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी अंक पाहिला, चिठ्ठी लिहिली, वजनाखाली ठेवली आणि "उद्या उघडू" म्हणून गेले. मग मी पाहिला. लहानपणी हा अंक मी मैत्रिणीकडून आणून इतक्यांदा वाचला होता की पहिल्या पानापासून मला गोष्टीने ओढलं. सुंदर प्रत होती. कोपरे धारदार, मुखपृष्ठ झळझळीत. मी साडेआठ लिहिले, निळी पट्टी.

उद्यापर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. त्यांची चिठ्ठी उघडली. त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, "६.५. उजवी कड कापलेली. लाल पट्टी."

मी अंकाची कड पुन्हा पाहिली. मला काही दिसलं नाही. मग मी नवीन घेतलेलं आकडे दाखवणारं मोजमापाचं यंत्र काढलं. आमच्याकडे त्याच अंकाची दुसरी एक प्रत होती. दोन्ही मोजल्या. रुंदी केसाचाही फरक नसलेली. कड कापली असती तर अंक अरुंद व्हायला नको? मला अजून आठवतं, त्या यंत्राच्या खिडकीतले सारखे आकडे पाहून मला किती आनंद झाला. काका चुकले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि उद्या ते येतील, "पाय बाई, इकडं पाय" म्हणतील आणि असं काहीतरी दाखवतील की मी पुन्हा खोटी पडेन, हेही मला आतून पक्कं ठाऊक होतं. मला तो उद्या नको होता. कुरियरवाला संध्याकाळी येणार होता, ही सबब मी स्वतःला दिली. त्यांचा शिक्का ड्रॉवरमध्येच असायचा. मी साडेआठचं, निळ्या पट्टीचं लेबल छापलं, दोन्ही शिक्के मारले, पेटी बंद केली आणि रीतीप्रमाणे दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या.

काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत. काकूंचं ऑपरेशन लगेच झालं आणि ते पंधरा दिवसांनी आले तेव्हा टेबलावर चाळीस नवे अंक पडले होते. त्यांनी काही विचारलं नाही. लेबल त्यांनी कधीच तपासलं नव्हतं. ते म्हणत, ते तुहं काम आहे.

आठ महिन्यांनी इंदूरच्या एका माणसाने शौकिनांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये फोटो टाकले. त्याने तो अंक विकत घेतला होता आणि कसलीशी शंका येऊन पेटी फोडली होती. कड जवळून दाखवली होती. चाळीस वर्षांचा कागद कडेपासून आत पिवळा होत जातो, हा कडेलाच पांढरा होता. छापखान्याच्या यंत्राच्या पात्याने सगळ्या पानांवर एकाच दिशेची बारीक रेघ येते, इथे पानागणिक वेगळी होती. मोठा करून दाखवल्यावर मलाही दिसलं. ढळढळीत. ज्या प्रतीशी मी मापं जुळवली होती ती दुसऱ्या खेपेची, मुळातच अरुंद छापलेली असणार. त्या काळी छापखान्यात दोन खेपांची मापं कधी सारखी येत नसत. हेही काकांनीच मला केव्हातरी सांगितलं होतं. खाली त्या माणसाने लिहिलं होतं की नागपूरच्या काकांचे डोळे आता गेले आहेत. त्याखाली चाळीस-पन्नास जणांनी आपापले संशय मांडले होते.

काकांनी माझ्या फोनवर ते सगळं वाचलं, शेवटपर्यंत. मग फोटो पाहिले. लेबलावरचा स्वतःचा शिक्का पाहिला.

"मले हा अंक आठवत नाही," शेवटी म्हणाले. "कोणता दिवस होता?"

मी तारीख सांगितली.

"म्हणजे सुमनच्या गुडघ्याचा दिवस. मंग मी घाईत पाह्यला असन. मन दवाखान्यात होतं माहं." त्यांनी मान हलवली. "पण एवढी कड मले दिसाले पाहिजे होती वं."

मी म्हणू शकले असते, काका, दिसली होती. तीन शब्द. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी."

मग त्यांनी मला ग्रुपवर लिहायला सांगितलं. त्यांना फोनवर टाइप करता येत नसे. ग्रुप हिंदी, ते मराठीत सांगत होते आणि मी हिंदीत उतरवत होते. "लिही. नमस्कार. हा अंक मी पाह्यला होता. कड कापलेली आहे हे माह्या ध्यानात आलं नाही. चूक माही आहे." थांबले, भिंगाची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. "आन् हे लिही. शुभांगीचा याच्यात काही दोष नाही. तिले मी शिकवलं. जे मलेच दिसलं नाही ते तिले कुठून दिसन?"

माझी बोटं थांबली. काकांना वाटलं मला हिंदी शब्द सुचत नाही. मीही तसंच दाखवलं. विचारलं, "काका, 'दोष' लिहू की 'गलती'?"

"तुले बरोबर वाटते ते लिही."

मी 'दोष' लिहिलं. वाक्य नीट जुळवलं, एक स्वल्पविराम टाकला आणि पाठवलं. माझ्या निर्दोषपणाचा दाखला मी माझ्या हाताने, शुद्ध हिंदीत लिहिला आहे. तो त्या ग्रुपवर अजून आहे.

दुसऱ्या दिवसापासून काका परीक्षा देऊ लागले. मला म्हणाले, दहा अंक मांड, दोनचार कापलेले ठेव, मले सांगू नको. मी मांडले. त्यांनी प्रत्येकाला पाच पाच मिनिटं दिली, पूर्वी एक पुरायचं. दहाच्या दहा बरोबर सांगितले. मी म्हटलं, पाहा काका, काही झालेलं नाही तुमच्या डोळ्यांना. ते माझ्याकडे पाहून हसले. "तू सोपे ठेवले असशीन. मन राखून राहिली माहं. तू लय चांगली आहेस बाई." त्यानंतर ते मला रोज विचारू लागले. तुले काय दिसते? मी सांगितल्यावर आपली चिठ्ठी खोडून माझ्यासारखी करायचे. चिठ्ठ्या आता रोज जुळत होत्या. मी एवढी वर्षं जे मागितलं होतं ते मला असं मिळालं.

पुढच्या महिन्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, पण कोवळा आहे, वर्ष-दोन वर्षं हात लावायची गरज नाही. काकांनी ऐकलं नाही. "गरज आहे, डॉक्टरसाहेब. माह्या हातून चूक झाली," त्यांनी सांगितलं. मला हे काकूंनी फोनवर सांगितलं, कौतुकाने, की पाय बाई, हे कसे हट्टी आहेत. मी तेव्हाही सांगू शकले असते. मी विचारलं, ऑपरेशन कधी आहे.

दोन्ही डोळ्यांचं झालं. सहा आठवड्यांनी ते खोलीवर आले तेव्हा पोरासारखे खूश होते. आभाळ एवढं निळं असते हे मले माहीतच नोतं, म्हणाले. काकूंची, त्यांना आजवर हिरवट वाटलेली साडी निळी निघाली, त्यावरून घरात झालेलं भांडण सांगितलं. मग कोपरापर्यंत हात धुऊन टेबलाशी बसले आणि एक अंक उघडला. पाहिला. उलटा करून पाहिला. "हा नवा छापला काय?"

तो माझ्याहून जुना अंक होता. मी तसं सांगितलं. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. खिडकीशी नेले. भिंग लावलं, काढलं. मग परत येऊन बसले आणि सगळे अंक एकावर एक नीट रचून माझ्याकडे सरकवले.

"सगळे कागद पांढरेच दिसून राहिले वं मले," ते म्हणाले. "इतके वर्ष जे पिवळं पाह्यलं, त्याच्यात थोडं माह्या डोळ्याचं पिवळं होतं. आता किती पिवळं म्हणजे किती जुनं, हे पुन्हा पह्यल्यापासून शिका लागन. या वयात कोण शिकते?" तक्रारीचा सूर नव्हता. कागदाबद्दलची एक माहिती सांगावी तसं सांगितलं. भिंग नाडीसकट काढून त्यांनी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि व्हरांड्यात चहा प्यायला गेले. चहानंतर त्यांनी हात धुतले नाहीत.

मला सांगायला आणखी पंधरा दिवस लागले. सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेले. काकू पाय लांब करून पलंगावर बसल्या होत्या, काका शेंगा सोलत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. चिठ्ठी, यंत्र, शिक्का, कुरियर, आणि नंतरचं गप्प बसणं. सांगताना रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते काही जमलं नाही.

काकांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "मी कडेचं लिहिलं होतं?"

"हो काका. उजवी कड कापलेली, असं लिहिलं होतं."

"कोणती? उजवी?"

"उजवी."

"आन् किती दिले होते?"

"साडेसहा."

त्यांनी डोळे बारीक केले, समोरच्या भिंतीवर तो अंक टांगलेला असावा तसं पाहत राहिले. "साडेसहा बरोबर आहे," म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की माझ्याने पाहवेना. काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलं काय वं सुमन? मले दिसलं होतं. मी लिहिलं होतं."

काकू त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या. "मंग डोळे कायले कापून घेतले जी?" त्यांनी विचारलं.

काका ताट ओढून पुन्हा शेंगा सोलू लागले. मी म्हटलं, मी आज ग्रुपवर सगळं खरं लिहिते. तर त्यांनी हात वर केला. "नको. तुह्या लेबलाच्या पेट्या किती लोकाइच्या घरी आहेत. एक खोटी म्हटली की सगळ्याइले वाटन आपलीबी खोटी. लोकाइचा जीव असते त्याच्यात. मले समजलं, पुरे झालं." मी आग्रह केला, पण एकदाच केला. बसस्टॉपपर्यंत चालत येताना माझं अंग हलकं झालं होतं, आणि कशाने हलकं झालं हे कळल्यावर मला स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी मला माफ केलं म्हणून नव्हे, तर लिहावं लागणार नाही म्हणून. मी आजवर लिहिलेलं नाही. हे लिहितेय, पण ग्रुपवर नाही.

काका त्यानंतर वर्षभर होते. झोपेतच गेले. सुमनकाकूंनी मला कळवलं, मी गेलेही, पण त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जाण्याच्या तीनचार महिने आधी, गांधीबागेत. पेट्या पुसायला मऊ मलमल लागते, ती घ्यायला गेले होते. कापडाच्या दुकानाला लागूनच एक जण फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसतो. काका तिथे उकिडवे बसले होते, पाठमोरे, हातात एक अंक. मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते. त्यांनी सगळी पानं मोजली, पिना चाचपल्या. मग अंक मधोमध उघडून त्या पुस्तकवाल्यापुढे धरला.

"कागद कसा आहे गा याचा?" त्यांनी विचारलं. "पिवळा पडला का पांढरा आहे?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुस्तक बांधून देत होता. त्याने वर पाहिलंही नाही. "पिवळा आहे काका. जुना माल आहे."

"हाव का," काका म्हणाले. आणि त्यांनी ते मानलं. अंक बंद केला, कोपरे दुमडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून पिशवीत सरकवला.

मला चार पावलांवरून दिसत होतं, कागद पांढरा होता. मी हाक मारली नाही.